उलटा धरलेला कॅमेरा

वस्तू पारखताना मी अगदी सासू होते. महाडात लग्नं, बारशी, साखरपुडे यांचे फोटो काढून माझं चालतं. एकदा जुनी लेन्स घेऊन तोंड पोळलंय, तेव्हापासून ताकही फुंकून पिते. त्या श्रावणात मुंबईच्या एका माणसाकडून सत्तर ते तीनशे मिलिमीटरची वापरलेली झूम लेन्स आणली. पटली नाही तर आठ दिवसांत परत, असं बोलणं झालं होतं.

आधी अंग तपासलं. कानाशी धरून हलवली, आत काही खुळखुळलं नाही. तोंड खाली करून धरली, नळी आपोआप घसरली नाही. मागून टॉर्च मारून काचांमध्ये बुरशी शोधली, कारण आमच्या हवेत चपलेलासुद्धा बुरशी येते. काचा स्वच्छ. झूमची कडी लोण्यासारखी फिरत होती. मला खोट सापडेना, आणि खोट सापडली नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

उरली लेन्सची नजर. ती तपासायला दूरच्या सरळ रेघा लागतात, म्हणून पाऊस उघडल्यावर मी आत्याच्या वाडीकडे निघाले. कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी तिची वाडी. घरं आठ, त्यांतली सात बंद, कारण माणसं मुंबईला. सातही घरांच्या किल्ल्या आत्याकडे. रोज दिवेलागणीला ती एकेक घर उघडून देवापुढे पणती लावायची. घर अंधारात ठेवलं की ते परकं होतं, असं ती म्हणे.

वाडीच्या समोर, दरीपलीकडे, रस्त्याला एक वळण आहे. तिथून आठही घरं आणि विजेचे चार खांब एका चौकटीत येतात. ट्रायपॉड लावून फोटो काढले आणि मोठे करून पाहिले. मधोमध इतकं स्वच्छ, की आत्याच्या पडवीतली केरसुणी दिसत होती. पण डावीकडचे दोन खांब आणि तिथली चार घरं दरीकडे कलली होती. सापडली खोट! आतली एखादी काच तिरकी बसली की एका बाजूचं चित्र असं बिघडतं. मनातून मी खूश झाले.

चहाला वाडीत गेले आणि लेन्सची तक्रार आत्याला सांगितली. ती हसली. "नाचता येईना, अंगन वाकडं!"

मग कप खाली ठेवून हळूच म्हणाली, "घरं रुसल्यात गो. वरच्या तीन घरांची कुलपं खुलतात, पन दारं हटत नायत. दिवा उंबऱ्याभायेर ठेवते मी. आनि त्यांच्या खालच्या घराचं दार लावून पाठ फिरवली का आपोआप उघडतं. कुनाचा तरी मान चुकला असंल. नारळ दिला, तरी नाय."

भर दुपारी आम्ही त्या घरी गेलो. आत्याने दार ओढून घेतलं. आम्ही दोन पावलं मागे सरलो. वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. दार सावकाश, कुणी आतून ओढावं तसं, पूर्ण उघडलं. मी घाबरले, सरळ सांगते. आत देव्हाऱ्यात पणती होती आणि तिच्यातलं तेल एका काठाशी गोळा झालं होतं. दुसरा काठ कोरडा होता.

ते तेल पाहिलं आणि मी धावत सुटले, पुन्हा त्या वळणावर. लेन्सची एक चाचणी मी आळसाने टाळली होती. कॅमेरा उलटा धरून तोच फोटो काढायचा. खोट लेन्सची असेल तर ती देखाव्याच्या दुसऱ्या टोकाला जाते. मी कॅमेरा उलटा केला. फोटो सुलटा करून पाहिला, तर तेच दोन खांब, तीच चार घरं, तशीच कललेली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझी वस्तू खोटी निघावी.

परत येऊन मी वाडी सोडू म्हटलं, आत्या मात्र निघायला तयार नव्हती. "लोकांनी इस्वासानं किल्ल्या दिल्यात. गौरी आल्या दारात. दिवा कोन लावील?" मी विनवलं, ओरडले, रडलेसुद्धा. फोटो दाखवले, पण तिला त्यातलं काही कळेना. शेवटी सुतळीला दगड बांधून मी त्या उघड्या दाराच्या चौकटीवरून ओळंबा सोडला. वर सुतळी चौकटीला टेकलेली, खाली चार बोटं लांब. गवंड्याच्या हाताखाली आत्याने उभा जन्म काढलेला. तिने त्या फटीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग किल्ल्यांचा जुडगा पदरात बांधला आणि माझ्यामागून डोंगर उतरली. संध्याकाळपर्यंत मुंबईला सगळ्यांना फोन झाले, तलाठ्याला फोटो गेले.

पाचव्या दिवशी सकाळी डावीकडची चारही घरं दरीत गेली. वाडीत कुणी नव्हतं. लेन्स मी परत केली नाही.

आत्या आता माझ्याकडे, महाडजवळच्या बिरवाडीतल्या खोलीत असते. दिवेलागणीला सात किल्ल्या ताटात मांडून त्यांना दिवा दाखवते. एकदा मी म्हटलं, "आत्ये, घरं रुसली नव्हती गं. जमीन सरकत होती."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. तिने ताटातल्या चार किल्ल्या वेगळ्या केल्या. "पन तिघांनी मला आत घेतलं नाय. आनि ज्यानं घेतलं, त्यानं दार उघडं धरलं, मी भायेर निघावं म्हनून."