जाहिरातीखालचा नंबर

तोंडात घास असला तरी ताई मॅडम फोन उचलायच्या. उजवा हात भाजीनं बरबटलेला, डाव्या हातात फोन आणि घास गालात सारून स्वच्छ आवाजात, "हां जी, बोलिए." पलीकडच्या माणसाला त्या जेवताहेत याचा पत्ताही लागत नसे. करोल बागेत, गाड्यांच्या सीट कव्हरच्या एका दुकानाच्या वर त्यांची जाहिरात कंपनी होती. कंपनी आपली म्हणायची. दोन खोल्या, मूठभर माणसं आणि खालून दिवसभर येणारा रेक्झिनचा वास.

तिथं मराठी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे मी त्यांना ताई म्हणायचे. बाकीच्या पंजाबी, बिहारी मंडळींना तेच त्यांचं नाव वाटलं आणि आदर म्हणून त्यांनी पुढे मॅडम जोडलं. त्या मूळच्या नागपूरच्या. वडील केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीला आले आणि इथलेच झाले. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या या मुलीनं हातची सरकारी नोकरी सोडून असले उद्योग मांडले, हे घरच्यांच्या गळी शेवटपर्यंत उतरलं नाही.

त्यांच्या ऑफिसात एक विचित्र रिवाज होता. प्रत्येक जाहिरातीखाली, प्रत्येक रीलखाली आमच्या ऑफिसचाच फोन नंबर असे आणि ज्यानं जाहिरात लिहिली त्यानंच त्यावर येणारे फोन घ्यायचे. आजूबाजूचे सगळे लाइक्स आणि व्ह्यूजच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावत होते. मीही नवी असताना एका रीलचे व्ह्यूज कौतुकानं दाखवायला गेले. "अच्छा," ताई म्हणाल्या, "आणि फोन किती जणांनी केला? काय म्हणाले?" मी मोबाइल खाली ठेवला. "शब्द आपण दिलाय ना यार? मग शिव्याही आपणच खायच्या."

पहिल्या शिव्या मी खाल्ल्या त्या कूलरपायी. फरीदाबादची एक कूलर कंपनी हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ऑफिसची चूल तिच्यावरच पेटायची. मी झोकात लिहिलं होतं, 'चलता है, पता नहीं चलता.' काही दिवसांत पलवलहून एका बाईंचा फोन आला. "बेटी, तू मेरे घर आ जा. पोता सोया नहीं है, अब तू सुला." मी घाबरून फोन ताईंपुढे धरला, तर त्यांनी हात मागे घेतला. "लिहिलंस तू ना? बिल्कुल तूच बोल." कूलरच्या घरघरीबद्दल मी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, मेकॅनिक पाठवला आणि नवी ओळ लिहिली, 'आवाज़ थोड़ी करता है, हवा पूरी देता है.' कंपनीचे म्हातारे मालक आधी हादरले, मग पोट धरून हसले आणि हो म्हणाले. त्या उन्हाळ्यात त्यांचे कूलर पुरले नाहीत.

मालक गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. एक दिवस तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. स्क्रीनवर पांढऱ्या केसांची एक गोड आजी कूलरसमोर बसून सांगत होती, की इतकी शांत झोप तिला जन्मात लागली नव्हती. आजी कॉम्प्युटरनं बनवलेली होती. तिच्याखाली कौतुकाच्या ढीगभर कमेंटी होत्या, त्याही विकत घेतलेल्या. "आजकल यही ट्रेंड है, मॅडम," तो म्हणाला. आम्ही त्याला अशाच आणखी आज्या आणि थोडे आजोबा बनवून द्यायचे होते.

ताईंनी आजीला पुन्हा एकदा नीट पाहिलं. "अच्छी हैं. इनका नंबर दीजिए."

मुलगा हसला. "ये असली थोड़ी हैं!"

"तो इनके भरोसे जो फोन करेगा, उसका फोन उठाएगा कौन?"

"कोई क्यों उठाएगा, मॅडम?"

ताईंनी लॅपटॉप हलकेच मिटला. "फिर हमसे नहीं होगा, बेटा."

तो निघून गेला. हे काम गेलं म्हणजे ऑफिस गेलं, हे प्रत्येकाला कळत होतं. "ठरवलं मी एकटीनं, भोगणार तुम्हीपण," ताई म्हणाल्या. "ज्याला दुसरीकडे जायचंय त्यानं जा, शिफारस मी करीन. मी मात्र हे बंद करणार नाही." बरेचजण गेले. करोल बागेतल्या खोल्याही सुटल्या. टेबलं टेम्पोत घालून आम्ही फरीदाबादला, ताईंच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये नेली आणि मी मुनिरक्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीतून मेट्रो बदलत रोज तिकडे जाऊ लागले. मला भीती वाटत होती. पण त्यांना सोडवतही नव्हतं.

गंमत म्हणजे कंपनी गेली तरी कूलरचे फोन येतच राहिले. जुने रील फिरत होते आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे नंबर आमचाच होता. मी वैतागून म्हणाले, "ताई, आता आपला काय संबंध? बंद करू या नंबर."

"कूलर त्यांचा आहे, पण शब्द आपला होता. चलो, उचल."

झालं! आम्हाला सोडून गेलेल्या कंपनीच्या तक्रारी आम्ही अख्खा उन्हाळा निवारत बसलो. त्यातच एकदा पलवलच्या त्या बाई पुन्हा फोनवर आल्या. त्यांनी नवी जाहिरात पाहिली होती. "बेटी, वो जो दादी आती हैं ना, ज़रा उनसे बात करवा दे. पूछना है, पानी में बास क्यों आती है?" मी फोनवर हात ठेवून ते ताईंना सांगितलं. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दादी नहीं हैं, अम्मा जी. मैं हूँ, बोलिए."

मग कितीतरी वेळ त्या टाकी कशी धुवायची ते समजावत होत्या.

हळूहळू पलवलच्याच एका दुकानदारानं आम्हाला काम दिलं. कंपनी फोन उचलत नाही आणि ही बाई उचलते, एवढीच आमची लायकी त्यानं पाहिली होती. त्याच्या ओळखीनं एक गादीवाला आला, मग एक घरघंट्या बनवणारा. मोठं काही झालं नाही, पण चूल विझली नाही. गुरुग्रामच्या हॉटेलांत नेतृत्वावरची भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. ताईंना तिथं कुणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं, तरी त्यांनी भाषण थांबवून फोन घेतला असता.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. आजार फार लांबला नाही. हॉस्पिटलमध्ये जाताना त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चार्जिंग बघत जा." मला वाटलं होतं, त्या परत येऊन तो मागून घेतील.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावून बुद्धमूर्तीजवळ त्यांचा फोटो ठेवला होता. वंदना झाली, ताटं वाढली गेली. मी पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला. ताईंची बहीण म्हणाली, "आज राहू दे गं." मी घास गालात सारला आणि डाव्या हातानं फोन कानाला लावला.

"ताई मॅडम से बात करवा दो," कुणीतरी म्हणालं.



"ताई मॅडम नहीं हैं," मी म्हणाले. "मैं हूँ, बोलिए."