मूठ नसलेली सुरी

दिवस आयुधपूजेचा, साल साठच्या आसपासचं, जागा मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतलं आमचं स्वयंपाकघर. हजर: अप्पा, आत्या आणि मी. गरम वाळूत शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला तीच सकाळ आठवते. जुनी कानस घासून मी माझी पहिली सुरी केली होती. आदल्या संध्याकाळी ती लाल तापवून तिळाच्या तेलात बुडवली आणि लगेच अप्पांनी पूजेसाठी आपली लोहारकामाची भट्टी विझवली. अशी कडक झालेली सुरी पुन्हा मंद शेकली नाही, तर काचेसारखी तडकते. म्हणून सकाळी मी ती चुलीवरच्या कढईतल्या तापल्या वाळूत पुरायला घेतली, तर अप्पा दारात. "आज आयुधाला हात लावत नाहीत. देवीपुढे ठेव, उद्या शेक." "उद्यापर्यंत तडकली तर?" "तर दुसरी कर." "देवीपुढे आयुध ठेवतात, अप्पा. शेकल्याशिवाय हा नुसता लोखंडाचा तुकडा आहे." इडल्या लावणारी आत्या म्हणाली, "सरी, बरं, पुरे झालं. कढई माझी आहे. बापलेकींनी बाहेर जाऊन भांडा." मी हललेच नाही. इडलीचा दुसरा घाणा उतरेपर्यंत सुरी वाळूत राहिली आणि नीट शेकलेली सुरी होते तशी गव्हाच्या काडीसारखी पिवळी होऊन निघाली. अप्पांनी ती उजेडात धरून नीट पाहिली. "झालं ना आयुध? आता ठेव." "मूठ कुठे बसवलीय अजून? मुठीशिवाय कसलं आयुध?" मी म्हटलं, आणि पूजेचं लिंबू त्या सुरीनेच चिरलं. आजही दर आयुधपूजेला घरातली सगळी हत्यारं देवीपुढे असतात आणि लिंबू मी त्याच सुरीने चिरते. मूठ बसवायची राहिली आहे.