कार्ड दादाच्या पेटीत

मला माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं मारलं. केनवडच्या बाजारात, आमच्याच दुकानात, सकाळी अकराच्या सुमारास, पाइप पान्यानं. बोअरचे लोखंडी पाइप खोलायचा हा पाना इतका जड असतो की उचलायला दोन्ही हात लागतात. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानाच्या वर. तिसऱ्याचं मला काही आठवत नाही, पण शेजारचे वेल्डिंगवाले चाचा म्हणतात, तोही बसला.

आमचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी आमच्याकडे यायच्या. त्यातली जळकी तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावून सुकवायची. दादा मोटर खोलायचा आणि बसवायचा, तार मी भरायचो. हे काम वडलांनी शिकवलं, आणि वडलांचा हात फार वाईट होता. तार भरताना एक फेरा चुकला की ते जळकी तार दुमडून तिचाच चाबूक करायचे आणि उघड्या पोटऱ्यांवर ओढायचे. कातडी फाटायची. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. कितीतरी वेळा चूक माझी असायची आणि तो म्हणायचा, "ते मीच भरली." मग मार तो खायचा. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलं की दादा जन्मापासूनच तसा होता असं लोकांना वाटतं.

भांडण झालं ते रेशन कार्डावरून. केशरी कार्ड, वडलांच्या नावाचं. त्यात आई-वडील, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. माझं लग्न झालं तेव्हा बायकोचं नाव इंझोरीच्या तिच्या माहेरच्या कार्डातून कमी झालं. तसा दाखला तिनं पहिल्याच महिन्यात आणून दिला. मी तो दादाकडे दिला, कारण कार्ड शेजारी दादाच्या घरात, त्याच्या पेटीत असायचं आणि तहसीलची कामं तोच करायचा.

"रिसोडले गेलो की टाकतो नाव," तो म्हणाला. रिसोड आमचा तालुका, तिथं तो दर आठवड्याला जायचा. नाव काही पडलं नाही.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बायकोच्या पोटात दुखायला लागलं. तिला तिसरा महिना चालू होता, त्यामुळे आधी वाटलं त्यातलंच काही असेल. दुसऱ्या दिवशी ती जनावरासारखी ओरडायला लागली तेव्हा मी तिला वाशीमला एका खासगी दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. सरकारी योजनेत ऑपरेशन होतं म्हणून मी वहिनीनं पेटीतून काढून दिलेलं कार्ड घेऊन खिडकीवर गेलो. योजनेचे कागद बघायला तिथं एक आरोग्यमित्र बसायचा. त्यानं कार्डाचा नंबर टाकला, यादी वाचली आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"तुमचं नाव हाय. बाईचं नाई."

"माही बायको हाय ना ते."

"बायको असन भाऊ. कार्डात नाई."

माहेरच्या कार्डाचा नंबर फोन करून मागवला. तिथूनही नाव गेलेलं. एवढ्या मोठ्या राज्यात तिचं नाव कुठल्याच कार्डात नव्हतं. मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, पण या पळापळीत पू पोटभर पसरला होता. बेंबीखालून वरपर्यंत पोट उघडलं. सहा दिवस ती व्हरांड्यातल्या गादीवर होती. तिसऱ्या दिवशी मूल पडलं. मी तिथंच उभा होतो. नर्सनं ते स्टीलच्या ट्रेमध्ये घेतलं आणि वर कापड टाकलं.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "टाकतो आता नाव, पक्कं." मी काही बोललो नाही. त्या वेळी बोललो असतो तर कदाचित पुढचं एवढं झालं नसतं. बायको मात्र त्या दिवसापासून दादासमोर डोक्यावर पदर घेईना.

पुढं सरकारनं योजना सगळ्यांना खुली केली. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशन कार्ड चालेल असं झालं. आशाताई मोबाइल घेऊन घरोघर फिरायला लागल्या, आरोग्याचं कार्ड काढून द्यायला. आमच्या दारात त्या म्हणाल्या, "आता कोनीच सुटलं नाई पाहा."

बायको भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "ज्याचं नाव कोन्याच कार्डात नाई, त्याचं काय?"

"मंग आधी नाव टाका ना बाई. परवा ग्रामपंचायतीत तहसीलचे लोक येऊन राह्यले. रेशन कार्ड घेऊन या."

त्या परवाच्या सकाळी मी दुकानात दादाकडे कार्ड मागितलं. तो खाली बसून मोटरचा पाइप सोडवत होता.

"सापडून नाई राह्यलं," तो म्हणाला.

"पेटीत हाय. काल वहिनीनं त्यावरच गहू आनले."

"नंतर पाहू."

"काहून नंतर? लोक आज आले."

तो पाइप सोडवत राहिला. तेव्हा मी मनात ठेवलेलं बोललो. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, आई जाऊन चार. दोघांची नावं कार्डात तशीच होती आणि दोघांचं धान्य दर महिन्याला दादाच्या घरात येत होतं. माझ्या बायकोचं नाव टाकायला कार्ड साहेबापुढं ठेवलं असतं तर साहेबानं आधी विचारलं असतं, हे म्हातारा-म्हातारी कुठं आहेत, त्यांचा अंगठा आणा.

"मेलेल्याईचे गहू खाऊन राह्यला तू," मी म्हणालो. "त्यापायी माहं लेकरू गेलं."

"तोंड सांभाळ."

पहिला हात माझा. हे मी पोलिसांना सांगितलं आणि इथंही सांगतो. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला, त्याचा चष्मा फुटला आणि काच भुवईत घुसली. तो उठला तेव्हा त्याच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि हातात पाना होता.

इथून पुढचे नऊ दिवस माझ्याकडे नाहीत. ते बायकोनं आणि चाचांनी सांगितले तसे सांगतो.

चाचा वेल्डिंग सोडून धावले. दादानं पाना चौथ्यांदा उचलला होता. चाचांनी हातातला लोखंडी गज त्याच्या मनगटावर मारला, पाना खाली पडला आणि दादा बाजारातून पळत सुटला. चाचांनी मला स्वतःच्या टेम्पोत टाकलं. बायकोनं माझं डोकं मांडीवर घेतलं. कानातून रक्त येत होतं आणि वाटेत मी दोनदा तिच्या लुगड्यावर ओकलो. चाचा सारखे म्हणत होते, "सोने मत दे बेटी, बोलते रह उससे."

दवाखाना तोच, दोन वर्षांपूर्वी तिला परत पाठवणारा. खिडकीवर माणूस मात्र नवा होता, चांगला होता. त्यानं विचारलं, "लागलं कशानं?" बायकोनं खरं सांगितलं. मारहाण म्हटल्यावर पोलीस आले, कागद झाले. डोक्यात रक्ताची गाठ होती, पण लहान. डॉक्टर म्हणाले, आज वाट पाहू, वाढली तर कवटी उघडावी लागेल.

मग त्या माणसानं कार्ड मागितलं. निदान नंबर तरी. नंबर कुणालाच पाठ नव्हता. चाचा टेम्पो घेऊन परत केनवडला गेले, तर दादाच्या घराला कुलूप. वहिनी मुलींना घेऊन माहेरी निघून गेली होती, आणि पेटी आत.

"कुलूप तोडा," बायको फोनवर म्हणाली.

"पोलिसायनं सील लावलं बेटी. हात लावता नाई येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्कॅन झाला. गाठ वाढली होती.

दुपारी बाराच्या सुमारास दादा दवाखान्याच्या फाटकावर आला. पोलीस त्याला शोधत होते हे त्याला ठाऊक होतं. मागच्या खिडकीचे गज वाकवून तो स्वतःच्याच घरात शिरला होता, पेटी फोडली होती आणि बिनाचष्म्याचा, सुजलेल्या मनगटाचा, मिळेल त्या गाडीनं वाशीमला आला होता. कार्ड त्यानं शर्टाच्या आत पोटाशी धरलं होतं.

फाटकावर बायकोचे दोन भाऊ उभे होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि पट्टे काढले. त्याला खाली पाडलं आणि बकलाकडून मारायला सुरुवात केली. तोंडावर लाथ बसली तेव्हा पुढचे दोन दात गेले. तो हात वर करेना, कारण दोन्ही हातांनी त्यानं शर्ट दाबून धरला होता. तो एवढंच म्हणत होता, "कार्ड घ्या. आधी कार्ड घ्या."

बायको बाहेर आली. तिनं वाकून त्याच्या शर्टातून कार्ड काढलं. मग तिथंच, फाटकाच्या सावलीत उभी राहून ते उघडलं आणि त्यातली नावं एकेक वाचली. सासऱ्यांचं, सासूचं, भासऱ्यांचं म्हणजे दादाचं, जावेचं, पोरींचं, माझं. भाऊ मारत होते. शेवटचं नाव वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पुरे."

पुढं कधीतरी मी तिला विचारलं, आधी का नाही थांबवलंस. ती म्हणाली, "मले वाचाचं होतं."

कार्ड चाललं, पण अंगठा चालेना. मंजुरीसाठी माझा अंगठा मशीनवर लागत होता आणि वर्षानुवर्षं वार्निशमध्ये बुडालेल्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. बायकोनं नर्सकडून स्पिरिट आणि कापूस घेतला आणि बेशुद्ध नवऱ्याचा अंगठा घासायला लागली. काळं निघालं, कातडीही निघाली. सातव्या-आठव्या वेळी मशीननं अंगठा घेतला. तासाभरात मंजुरी आली आणि माझी कवटी उघडली. तोवर पोलिसांनी दादाला नेलं होतं, तोंडाला फडकं बांधून.

मी जगलो. डाव्या कानानं ऐकू येत नाही, तार भरताना हात थरथरतो. त्याहून वाईट झालं ते माझ्या डोक्याचं. आवाज सहन होईना. ताटली पडली तरी मी शिव्या द्यायचो. एकदा बायको तहसीलच्या फॉर्मबद्दल दोनदा विचारायला लागली आणि मी हातातला पितळी तांब्या तिच्या तोंडावर मारला. गाल फाटला. टाके पडले. रक्ताकडे पाहत मी उभा राहिलो, आणि मला तारेचा चाबूक दुमडणारे वडील आठवले.

ती रडली नाही. माहेरी गेली. जाताना म्हणाली, "तुमचं डोकं दुखते ते मले समजते. पन तुमचा हात कायले चालते, ते डॉक्टरले जाऊन विचारा."

मी विचारलं. गोळ्या चालू झाल्या. चाचा सोबत यायचे आणि डॉक्टरांसमोर मला खोटं बोलू द्यायचे नाहीत. "नाई साहेब, परवाच यानं दुकानाचं शटर लाथांनी वाकवलं," असं सरळ सांगायचे. माझ्यासारखं डोकं फुटलेल्यांना असं होतं, डॉक्टर म्हणाले. पण तेवढं म्हणून सुटता येणार नाही, असंही म्हणाले.

त्या काळात बायको इंझोरीहून एकटीच रिसोडला चकरा मारत होती. तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा काम झालं. दादाच्या कार्डातून माझं नाव निघालं आणि आमचं वेगळं कार्ड झालं. घरातल्या मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख धरतात, म्हणून पहिलं नाव तिचं आणि खाली माझं. त्यावर तिनं दोघांची आरोग्याची कार्डं काढली. आई-वडलांची नावं मेल्यानंतर इतक्या वर्षांनी कापली गेली. ती घरी परतली तेव्हा म्हणाली, "हात पुन्हा उचलला तर मी पोलिसात जाईन. मले आता रस्ता मालूम हाय." तिच्या गालावरचे टाके निघाले होते, व्रण राहिला होता. तो अजून आहे. मी पुन्हा हात उचललेला नाही, पण तो उचलायला निघतो हे मला कळतं. अशा वेळी मी घराबाहेर जाऊन बसतो.

दादा काही महिन्यांनी जामिनावर सुटला. केस वाशीमला चालली. साक्षीच्या आधी वहिनी घरी आली. उंबऱ्यात बसूनच म्हणाली, "भाऊजी, पाय घसरून पडलो म्हना ना. पोरी लग्नाच्या झाल्या." बायकोनं तिला चहा दिला.

कोर्टात मी होतं तसं सांगितलं. ठोसा माझा आधी, पाना त्याचा नंतर. कार्ड त्यानंच आणून दिलं, हेही सांगितलं. सरकारी वकिलांना ते आवडलं नाही, ते कागद चाळत राहिले. दादा पिंजऱ्यात खाली मान घालून उभा होता. पुढची तारीख पडली.

बाहेर आलो तेव्हा तो आवारातल्या नळावर चूळ भरत होता. पुढचे दात नसल्यानं पाणी ओठांवरून ओघळत होतं. मला पाहून त्यानं तोंड पुसलं.

"डोकं दुखते का अजून?" त्यानं विचारलं.

"दुखते," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. बायको फाटकाशी थांबली होती, ती आमच्याकडे बघत होती. दादा तिच्या बाजूनं गेला नाही, मागच्या दारानं बाहेर पडला आणि स्टँडकडे चालायला लागला. त्याची बस जाऊ दिली आणि आम्ही पुढच्या बसनं गेलो.