मागच्या खोलीतलं वायफाय

बाबांचं दुखणं वाढलं तेव्हा आम्ही त्यांची खाट बदनापूरच्या घरातल्या मागच्या खोलीत नेली. तिथं रस्त्याचा आवाज कमी आणि न्हाणीघर जवळ. पण वायफाय तिथपर्यंत धड पोचायचं नाही. राउटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे. मध्ये दोन भिंती आणि दिवंगत आईचं लोखंडी कपाट.

माझी धाकटी बहीण कॅनडात असते. रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, तिचा व्हिडिओ कॉल यायचा. चित्राचे चौकोन व्हायचे, शब्द अर्धे यायचे. तेव्हा तिला दिवस गेलेले. आधीचं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केलेली. बाबांनी मला बजावलं होतं, "कॅन्सर पसरलाय हे तिला सांगू नको. घसा बसलाय म्हण."

एका रविवारी मी राउटरचं काम काढलं. लांब वायर आणून राउटर मधल्या बोळीत, उंचावर लावला. राउटरच्या ॲपमध्ये पाहिलं तर घरातल्यापेक्षा जास्त फोन जोडलेले. पासवर्ड आमचा मोबाइल नंबरच होता, बसवणाऱ्यानं ठेवलेला.

"बाबा, पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?"

"अख्ख्या गल्लीला माहीत आसंल. बदल खुशाल. पण शेजारच्या चाचीचं बंद करू नको. ती त्याच्यावर ब्लाउजचे नमुने बघून शिवून राह्यली."

मग नवा, अवघड पासवर्ड टाकला आणि पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू करून ते चाचींच्या फोनमध्ये जोडून दिलं. चाची म्हणाल्या, "बेटा, अब्बा बिटिया से बात करेंगे ना, तब मैं अपना बंद रखूँगी. उनको बराबर दिखना चाहिए." मी म्हटलं, त्याची गरज नाही. तरी संध्याकाळ झाली की त्या फोन बंद करून ठेवायच्या.

त्याच रविवारी संध्याकाळी बहिणीचा कॉल आला. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या मागच्या खिडकीबाहेरचं बर्फसुद्धा दिसत होतं. मी खुशीत फोन बाबांसमोर धरला. बाबा हसले. ती हसली नाही.

पडद्याच्या जवळ येत म्हणाली, "बाबा, तुमचे गाल कुठं गेले?"

आजवर खराब नेटनं जे झाकलं होतं, ते मी दुपारभर खपून उघडं केलं होतं. गळ्याची हाडं, पिवळे डोळे, उशीवर कलंडलेली मान, सगळं तिला एकदम दिसलं. ती तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. "दादा, घसा बसलाय म्हणाला होतास ना रे?"

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "त्याला बोलू नको. म्याच सांगितलं होतं."

कॉल संपल्यावर मी राउटरकडे बघत बोळीतच उभा राहिलो. तो पुन्हा टीव्हीमागे ठेवावा असं वाटलं. आत गेलो तर बाबा जागेच होते.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"न्हाई. बरंच झालं. फोन यायच्या आधी उशा लावून ताठ बसायचं, आवाज काढायचा... लई थकून गेल्तो मी. आता पडून बोलता येतंय."

तिथून पुढे ते पडूनच बोलत. कधी कधी तर बोलतच नसत. ती तिकडे भाजी चिरत राही, बाबा डोळे मिटून सुरीचा आवाज ऐकत. एकदा तिनं पोटाजवळ फोन नेला. "बघा, लाथ मारतंय." बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

बाबा गेले ते सकाळी, चहाच्या वेळेला. तिच्याकडे रात्र होती. मी फोन लावला. ती फक्त "दाखव" म्हणाली. शेवटची आंघोळ, तोंडात पाणी, सगळं तिनं पाहिलं. फोन चाचींनी धरला होता. त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे बाबांचा चेहराही तिकडे हलत राहिला.

बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर बहीण आली. बाळाला माझ्याकडे देऊन आधी मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या खाटेवर बसली. इकडं तिकडं बघत म्हणाली, "दादा, ह्या अंगाला खिडकी आहे, हे मी विसरूनच गेल्ते. फोनमध्ये ती कधी दिसलीच नाही."

मग तिनं ती उघडली आणि खूप वेळ आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.