पावट्याच्या पहिल्या शेंगा

मला धीर नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नानंतर आईने पावट्याच्या बियांची पुरचुंडी हातात दिली आणि बजावलं, "पयल्यो शेंगो खाव नको, बियाण्याक ठेव." मी मान हलवली आणि बोरीवलीला पोहोचेपर्यंत विसरूनही गेले.

आम्ही तळमजल्यावर राहतो. मागच्या भिंतीलगत हातभर रुंदीची मातीची पट्टी आहे. नागपंचमीच्या सुमारास तिथे पावटा लावायचा, तो खिडकीच्या ग्रिलवर चढायचा आणि मार्गशीर्षात शेंगा द्यायचा. दाणे जेमतेम भरले की मी खुडायची आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणातली उसळ करायची. वेल वाळायला लागला की शेंड्याला, हात न पोहोचणाऱ्या ज्या चार शेंगा उरत, त्या बियाण्याला ठेवायची. खाल्लंही आणि राखलंही, असं म्हणून मी स्वतःवर फार खूश असायचे.

बारा-तेरा वर्षं हेच चाललं. शेंगा मार्गशीर्षावरून पौषात गेल्या, पौषावरून माघात. मी समोरच्या टॉवरच्या दिव्यांना दोष दिला, मग मातीला, मग बांधकामाच्या धुळीला. गेल्या वर्षी तर होळीच्या तोंडावर कुठे फुलं धरली आणि त्यातली बहुतेक उन्हाने गळून गेली.

त्याच महिन्यात आईचा फोन आला. गावच्या घराची कौलं उतरवलेली असताना अवकाळी पाऊस आला आणि बियाण्याची बरणी भिजली. सगळं बी कुजलं होतं. वाडीत आता दुसरं कोणी पावटा लावत नाही. "तुझ्याकडलो घेवन ये गो," ती म्हणाली. फोन ठेवून मी बियांचा डबा काढून बसले. आईचा पावटा आता फक्त माझ्या बिस्किटाच्या डब्यात होता, आणि तो मी बिघडवून ठेवला होता.

वरच्या मजल्यावरच्या मावशी कृषी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्याकडे डबा घेऊन गेले आणि दरवर्षी लांबत गेलेल्या फुलांचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी बी हातात घेऊन पाहण्याआधीच विचारलं, "दरवर्षी पहिल्या शेंगा खाल्ल्यास ना?"

"मग काय बघत बसू?"

"मग वाट लागणारच! दिवस लहान व्हायला लागले की हा वेल फुलतो. पण किती लहान झाले आणि किती काळ तसे राहिले की फुलायचं, ते प्रत्येक बीचं वेगळं असतं. ते बीच्या रक्तातच असतं म्हण. लवकर फुलणारे तू खाऊन टाकलेस, उशिराचे तेवढे पेरलेस. टॉवरला कशाला शिव्या देतेस? तुझा पावटा तूच बदललास."

मला इतकी लाज वाटली की समोरचा चहा निवून गेला तरी मी प्यायले नाही. मग त्याच म्हणाल्या, "सगळं बी लाव. एखादा लवकरचा चुकून उरला असेल."

नागपंचमीला सगळं लावलं. भिंतीलगत, गच्चीवर रंगाच्या बादल्यांत, मावशींच्या कुंड्यांत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवरच्या बादल्यांवरून कटकट केली. त्यांना मी शेंगा कबूल केल्या, ज्या द्यायचा माझा मुळीच विचार नव्हता. गणपती गेले, नवरात्र गेलं. रोज सकाळी एकेक वेल उलटापालटा करून बघायची. नुसती पानं.

दिवाळीनंतर फराळाचे डबे घासून वाळत घालायला गच्चीवर गेले, आणि एका बादलीतल्या वेलावर जांभळा तुरा दिसला. शेजारच्या बादलीत आणखी एक. बाकीचे अठ्ठावीस वेल ढिम्म. मी पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. कित्येक महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या दोन वेलांच्या शेंगा मार्गशीर्षात भरल्या, टपोऱ्या झाल्या, आणि मी एकीलाही हात लावला नाही. नवऱ्याला हे अजून खरं वाटत नाही.

वाळलेलं बी घेऊन गावी गेले. आईने ते सुपात पसरलं, एक दाणा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "ह्यो माझो न्हय."

खरंच दाणा बारीक होता आणि रंगाने जरा काळपट. मग मी सगळं सांगून टाकलं: शेंगा खाल्ल्याचं, होळीच्या फुलांचं, मावशींच्या बोलण्याचं. ती ओरडेल म्हणून मान खाली घालून बसले होते, तर ती हसायलाच लागली.

"माझो तरी खंय म्हायरासारखो ऱ्हवलो? म्हायरसून, घाटावरसून आणलेलंय. पयल्या वर्सा हंयच्या पावसात सगळो कुजलो. सासूक वाटला, मीच काय तरी केलंय. तीन वेल काय ते ऱ्हवले. आमचो पावटो म्हणतास तो त्या तिनांचो."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आईने तो घाटावरच्या माहेराहून आणला होता, आणि इतकी वर्षं मी त्याला गावचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा समजत होते.

आईने सुपातल्या बियांचे हाताने दोन ढीग केले. एक नव्या बरणीत भरला. दुसरा पुन्हा माझ्या डब्यात ओतला आणि झाकण घट्ट लावून डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"अर्धा बियाणा तुझ्याकडे ऱ्हवांदे," ती म्हणाली. "माझा सगळा एकाच बरणीत होता, थंयच चुकला."