चिंचेखालून दिसणारं घर

इतवारी बाजारातल्या निम्म्या कापडदुकानांच्या पाट्या रुपरावांच्या हातच्या होत्या. लाल-पिवळ्या ठसठशीत अक्षरांचा हा पेंटर १९७३च्या उन्हाळ्यात घरी एक चित्र काढायला बसला, आणि ते जवळजवळ सगळं काळंच निघालं.

चित्रात त्यांच्या गावची रात्र होती. लांबवर एका घराचं उघडं दार, आत कंदिलाचा मळकट पिवळा उजेड आणि त्या उजेडात खाटेवर ओणवी झालेली बाई. बाकी नुसता अंधार. तो अंधार त्यांनी दोन महिने पुन्हा पुन्हा रंगवला. दरवेळी त्यांना तो कमीच वाटे.

पोळ्याच्या आधी मोठी बहीण मनकर्णा गावाहून आली. चित्रासमोर उभी राहिली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"माय हाये ही. आपला नामा गेला त्या रातीची."

धाकटा नामा तापानं फणफणला, तेव्हा मायनं नऊ वर्षांच्या रुपरावांना वैद्याकडं धाडलं होतं. वैद्य घरी नाही, असं त्यांनी परत येऊन सांगितलं. पहाटे नामा गेला.

मनकर्णा अजून चित्राकडंच पाहत होती. "पण घर असं तं चिंचेखालूनच दिसते. तू तं वैद्याकडे गेला होता ना गा?"

"नाही गेलो, बाई."

"काहून?"

"चिंचेच्या पुढं लय अंधार होता. मले भेव वाटलं. तिथंच बसून दाराकडे पाहत राहिलो."

तिनं चित्राकडं पाठ फिरवली. "मायनं मरेपर्यंत त्या वैद्याच्या घरचं पाणी नाही घेतलं, रुपराव. घरी असून आला नाही म्हणून भर पंगतीत शिव्या दिल्या त्याले. तू ऐकत होता ना?"

"ऐकत होतो."

रात्री ती जेवली नाही. सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघून गेली.

दिवाळीनंतर तिचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. वैद्य कधीच वारले होते. ती त्यांच्या म्हाताऱ्या बायकोकडं जाऊन सगळं सांगून आली होती. म्हातारीनं ऐकून घेतलं. म्हणाली, त्या रात्री हे घरीच होते, जागेच होते. मग तिनं मनकर्णाला प्यायला पाणी दिलं, आणि ती ते प्यायली.

रुपरावांनी कार्ड दोनदा वाचलं. त्या दिवशी शिडीवर चढून त्यांनी हाती घेतलेली पाटी पुरी केली. पण एक काना सुटला, आणि तो दुकानदारानं दाखवीपर्यंत त्यांना दिसला नाही.