मऊ नळीतलं तेल

पाटोद्याला रज्जाकचाचांच्या घाण्यावर तेल घ्यायच्या आधी ते बघावं लागायचं. करडईचं तेल टाकीतून डब्यात पडायचं ते आरपार दिसणाऱ्या मऊ नळीतून. चाचा म्हणायचे, "बघून घ्या. लपवायला काय हाय?" गल्लीत कुणी बाळंत झालं की ताज्या घाण्याचं तेल त्या घरी आपणहून पोचवायचे. त्याचा त्यांना भारी अभिमान.

मी तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. एकदा चाचा नळी बदलत होते. जुनी पार कडक झाली होती. मला म्हणाले, "सर, नवी असती तवा लई मऊ असती. मंग तिचं मऊपण जातं कुठं?"

मी सांगितलं. असलं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट नावाचं द्रव्य मिसळतात. ते प्लॅस्टिकला घट्ट धरून राहत नाही, तेलात हळूहळू उतरतं. पोटातल्या आणि अंगावर पिणाऱ्या पिल्लांना त्यानं अपाय होतो असं प्राण्यांत दिसलंय. माणसाला किती बाधतं यावर अजून वाद आहे, पण खायच्या तेलात ते हवंय कशाला?

चाचांचा चेहराच उतरला. "म्हंजी बाळंतिणींना मी हेच पाजलं," एवढंच बोलले. तेवढ्यानं कुणाला काही झालं असेलच असं नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

लगेच स्टीलची नळी आली. आणि हा भला माणूस येईल त्याला कारण सांगत सुटला! गावानं सोयीचं तेवढं ऐकलं. चाचांच्या तेलात कसलंतरी विषारी औषध होतं, आता तर धारही झाकली, म्हणजे नक्की भेसळ. गिऱ्हाईक समोरच्या घाण्यावर गेलं. तिथं मऊ नळी होती. पोरगा म्हणाला, अब्बा, जुनी नळी लावू. चाचा म्हणाले, "म्हाईत नव्हतं तवा चाललं. आता न्हाई."

मग गल्लीत एक सून बाळंत झाली. चाचा स्वतः डबा घेऊन गेले. सासूनं दारातूनच परत केला. बाळंतिणीच्या जिवाशी खेळ नको म्हणाली. आयुष्यात त्यांनी बाळंतिणीसाठी नेलेलं सगळ्यात निर्धोक तेल ते. दुसऱ्या दिवसापासून घाणा उघडला नाही.

उन्हाळ्यात चाचा गेले. मयतीला अख्खी गल्ली लोटली. असा इमानदार माणूस पुन्हा होणे नाही, म्हणत होती. माझ्या ओठावर शिवी आली होती. चाचांच्या मयतीत ती नको, म्हणून गिळली.